भाला पाच फुटांवर का थांबतो?

गेल्या पावसाळ्यात आमच्या शनिवारच्या खेळात एक नवी मुलगी आली. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' तिने पूर्वी कधी खेळलेले नव्हते, पण जुन्या युरोपीय चित्रांचा तिला नाद होता आणि शस्त्रांच्या आकारांविषयी तिला आमच्यातल्या बहुतेकांपेक्षा जास्त माहिती होती. तिने लढवय्याचे पात्र घेतले आणि शस्त्रांच्या कोष्टकापाशी येऊन ती अडली. "दादा, ग्लेव्ह आणि हॅल्बर्ड यांत फरक काय?" सूत्रधार मी होतो. माझ्यापुढे २०१४ सालचे, पाचव्या आवृत्तीचे पुस्तक होते. ग्लेव्ह: इजा दहा पैलूंच्या एका फाशाएवढी, शस्त्र जड, पल्ला लांब, दोन्ही हातांनी धरायचे, किंमत वीस सुवर्णमुद्रा, वजन सहा पौंड. हॅल्बर्ड: इजा दहा पैलूंच्या एका फाशाएवढी, शस्त्र जड, पल्ला लांब, दोन्ही हातांनी धरायचे, किंमत वीस सुवर्णमुद्रा, वजन सहा पौंड. मी म्हणालो, "काहीच नाही. जे नाव आवडेल ते घे." त्यावर तिने विचारले, "मग दोन ओळी छापल्या कशाला?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. प्रस्तुत लेख हे त्या उत्तराचे उशिरा केलेले टाचण आहे, आणि ते थोडेसे रागावून केलेले आहे हे आधीच सांगून टाकतो.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन वाक्ये. चारसहा जण टेबलाभोवती बसतात, एक जण जग आणि त्यातले शत्रू सांभाळतो, बाकीचे प्रत्येकी एक पात्र वागवतात. काय करायचे ते तोंडाने सांगायचे आणि ते जमले की नाही हे वीस पैलूंच्या फाशाने ठरवायचे. खेळातले सगळे काही शब्दांनी आणि नियमांनी घडते. साहित्याची चर्चा चालते त्या जागी या खेळाविषयी लिहिण्याचे माझे कारणही हेच. नियमपुस्तक ही एक संहिता आहे, आणि संहितेतल्या दोन शब्दांनी एकच काम करावे की नाही हा आपला जुनाच प्रश्न आहे.

कवितेत या प्रश्नाचे उत्तर सोपे असते. खड्ग, समशेर, कृपाण, तेग हे शब्द एकाच वस्तूकडे बोट दाखवीत असले तरी ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. एक संस्कृताचा दरबार घेऊन येतो, दुसरा फारसीचा. शब्दाला सोबत असते आणि त्या सोबतीतून अर्थाची छटा येते. खेळातल्या शब्दाला मात्र अशी आयती सोबत नसते. तिथे शब्दाचा अर्थ म्हणजे तो खेळणाऱ्याला काय करायला लावतो तेवढाच. हॅल्बर्ड हातात असताना मी जे करीन तेच जर मी ग्लेव्ह हातात असताना करणार असेन, तर त्या खेळात हॅल्बर्ड आणि ग्लेव्ह ही एकाच वस्तूची दोन टोपणनावे आहेत. पुस्तकाने कितीही सुंदर चित्रे छापोत.

माझे म्हणणे थोडक्यात असे: शस्त्राचे वेगळेपण वार लागल्यानंतर ते काय देते यात नसते, वार करण्याआधी ते काय मागते यात असते. किती अंतर मागते, किती मोकळी जागा मागते, किती हात मागते, किती वेळ मागते. आणि या अटी मोडल्या तर काय नाकारते. या खेळाच्या रचनाकारांनी पन्नास वर्षे देण्याचा हिशेब मांडला आणि मागण्याचा हिशेब हळूहळू पुसून टाकला. ही माझी तक्रार आहे.

इतिहास पाहू, कारण तो या तक्रारीला पुरावा पुरवतो. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ पहिल्यांदा प्रकाशित केला तेव्हा त्यातल्या नव्या लढाईपद्धतीत सगळी शस्त्रे सारखीच होती. खंजीर असो की दोन हातांची तलवार, इजा सहा पैलूंच्या एका फाशाची. १९७५ च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीने प्रत्येक शस्त्राला त्याचा स्वतंत्र फासा दिला, आणि तेव्हापासून आजतागायत 'तुझ्या शस्त्राचा फासा कोणता?' हा या छंदातला पहिला प्रश्न झाला. मोठ्या तलवारीला मोठा फासा, लहान सुरीला लहान फासा. हे वेगळेपण नव्हे, ही उतरंड आहे. उतरंडीत निवड करावी लागत नाही. परवडेल तितकी वरची पायरी घेतली की झाले.

१९७८ साली 'अ‍ॅडव्हान्स्ड' आवृत्तीचे खेळाडू-पुस्तक आले. ते आज कुणी उघडले तर त्यातल्या शस्त्रांच्या कोष्टकाची थट्टाच करील, आणि थट्टेला जागा पुष्कळ आहे. गायगॅक्स यांना लांब दांड्याच्या शस्त्रांचे विलक्षण वेड. फॉचार्ड, फॉचार्ड-फोर्क, गिसार्म, ग्लेव्ह-गिसार्म, बिल-गिसार्म, गिसार्म-वूल्ज: एखाद्या युरोपीय शस्त्रागाराची नोंदवही फाडून चिकटवावी अशी यादी. शिवाय कोणते शस्त्र कोणत्या चिलखतावर किती चालते याचे भले थोरले आकड्यांचे जाळे. ते जाळे बहुतेक टेबलांवर दुर्लक्षितच राहिले. पण त्याच कोष्टकात तीन रकाने असे होते की ज्यांच्याकडे नंतर फारसे कुणी वळून पाहिले नाही: शस्त्राची लांबी, त्याचा वेग, आणि ते चालवायला लागणारी जागा. खंजिराला बाजूला एक फूट पुरे. दोन हातांच्या तलवारीला सहा फूट. वेगाच्या रकान्यात खंजीर दोनवर, ती तलवार दहावर.

हा जागेचा रकाना माझ्या दृष्टीने साऱ्या पुस्तकातला सर्वात साहित्यिक रकाना आहे. त्याच्यामुळे अंधाऱ्या भुयारात शिरताना टोळीला प्रश्न पडू शकतो की पुढे कोण चालणार. तीन जण खांद्याला खांदा लावून उभे राहिले तर मधल्याच्या हातात काय असावे, हा प्रश्न पडू शकतो. आता शस्त्र केवळ पात्राचा दागिना राहत नाही. ते भुयाराशी, सोबत्यांशी आणि छताच्या उंचीशी नाते जोडते. म्हणजे त्याला ती सोबत मिळते जी कवितेत शब्दाला असते. या छंदाला कोष्टकातला एकच रकाना वारशाने घ्यायचा होता तर तो हा घ्यायला हवा होता. घेतला फाशाचा.

२००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने वेगळेपणाचा प्रश्न गणिताने सोडवायचे ठरवले. लाँगस्वोर्डने फाशावर एकोणीस किंवा वीस आले तर इजा दुप्पट. युद्धकुऱ्हाडीने फक्त वीसला, पण तिप्पट. वाचताना वाटते, वा! तलवार नेमकी, कुऱ्हाड दुर्मिळ पण घातक. सरासरी काढून पाहा. तलवार वीसांत दोनदा एकपट जादा देते, कुऱ्हाड वीसांत एकदा दोनपट जादा. बेरीज अगदी सारखी. रचनाकारांनी ती मुद्दाम सारखी ठेवली असणार आणि समतोलासाठी ते योग्यही असेल. पण माझा प्रश्न वेगळा आहे. कुऱ्हाड घेतलेला खेळाडू तलवार घेतलेल्यापेक्षा कोणती गोष्ट निराळी करतो? काहीही नाही. दोघेही जवळ जातात, फासा टाकतात आणि वाट पाहतात. एकाला थोडे थोडे आनंद वारंवार मिळतात, दुसऱ्याला क्वचित मोठा. ही लॉटरीच्या दोन तिकिटांमधली तफावत झाली.

तरीही त्या आवृत्तीत एक खरी अट होती आणि तिच्याविषयी मला आजही आदर वाटतो. लांब पल्ल्याचे शस्त्र दहा फुटांवरच्या शत्रूला गाठायचे, पण अंगाला भिडलेल्या शत्रूवर ते चालत नसे. बस, एवढेच. या एका वाक्याने लांब भाला हे एक संपूर्ण जीवन होऊन जाई. शत्रूला दूर ठेवायचे, तो आत शिरला की एक पाऊल मागे सरायचे, मागे भिंत आली की संपले. म्हणून भिंतीकडे पाठ करून उभे राहायचे नाही, म्हणून शेजारी ढालकऱ्याला घ्यायचे, म्हणून कमरेला एक सुरी ठेवायची. या साऱ्या क्रिया पुस्तकात कुठेही लिहिलेल्या नव्हत्या. त्या अटीतून आपोआप उगवत.

पाचव्या आवृत्तीत ही अट उरलेली नाही. लांब शस्त्र आता दूरही चालते आणि जवळही चालते. कारण उघड आहे: नव्या खेळाडूला 'तुला हे करता येणार नाही' असे सांगावे लागू नये. सोयीची दृष्टी मी समजू शकतो. संध्याकाळी सात ते दहा एवढाच वेळ असलेल्या माणसांसाठी सोय ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. पण प्रत्येक 'नाही' खरवडून काढल्यावर खाली काय उरले ते पाहा. लाँगस्वोर्ड, युद्धकुऱ्हाड आणि वॉरहॅमर: तिघांची इजा आठ पैलूंच्या फाशाची, दोन हातांनी धरले तर दहाची; हॅमर कापत नाही, ठेचतो, एवढाच काय तो भेद. त्रिशूळ आणि भाला: इजा तीच, फेकता येणे तेच, दोन हातांचा पर्याय तोच, फक्त त्रिशूळ अधिक महाग, अधिक जड आणि चालवायला अधिक प्रशिक्षण मागणारा. म्हणजे जास्त पैसे देऊन, जास्त शिकून, जास्त ओझे वाहून तुम्हाला नेमके तेच मिळते. आणि सर्वांत मोठे आश्चर्य म्हणजे स्वतः भाला. मनुष्यजातीने भाला बनवला तो समोरच्याला आपल्यापर्यंत पोचू न देण्यासाठी. या पुस्तकातला भाला मात्र खंजिराइतकाच, पाच फुटांपर्यंत पोचतो. पुढे तो थांबतो. का थांबतो, हे कुणी सांगत नाही.

२०२४ साली नवे खेळाडू-पुस्तक आले आणि त्यात शस्त्रप्रावीण्य नावाचा प्रकार आला. तो आमच्यासारख्यांच्या तक्रारींना दिलेला जबाब आहे असे पुष्कळांनी म्हटले. एकूण आठ प्रावीण्ये. ग्लेव्हचा नेम चुकला तरी थोडी इजा होते. हॅल्बर्डचा वार शेजारच्या दुसऱ्या शत्रूपर्यंत जातो. युद्धकुऱ्हाड पाडते, वॉरहॅमर ढकलतो. त्या मुलीच्या प्रश्नाला आता निदान एक उत्तर आहे, आणि हे मी मोकळेपणाने मान्य करतो. ढकलण्याला तर मी विशेष दाद देईन, कारण ढकलायचे म्हटले की कुठे ढकलायचे हे पाहावे लागते. कडा, आग, सोबती यांच्याकडे नजर जाते.

पण बाकीचे? एक प्रावीण्य शत्रूचा पुढचा वार दुबळा करते. ते कुणाकडे आहे? लाँगस्वोर्डकडे, भाल्याकडे, गदेकडे, साखळीच्या गदेकडे, काटेरी गदेकडे आणि वॉर पिककडे. सहा शस्त्रे, एक चिठ्ठी. भाला आणि गदा या दोन वस्तूंमध्ये हातात धरण्याची जागा सोडली तर काय समान आहे हे मला कुणीतरी समजावून सांगावे. शिवाय ही प्रावीण्ये काही ठरावीक पेशांनाच मिळतात. जादूगाराच्या हातात तोच भाला पुन्हा मुका. म्हणजे गुण शस्त्रात नाही, माणसाच्या परवान्यात आहे. आणि मूळ दोष तसाच राहिला आहे. प्रावीण्य जवळजवळ नेहमीच फासा पडल्यावर येते; ते बक्षीस आहे. फासा पडण्यापूर्वी, मी कुठे उभा राहू हे ठरवताना, माझे शस्त्र मला अजूनही काही विचारत नाही.

इथे मला दोन आक्षेप ऐकू येतात. पहिला आमच्याच टेबलावरचा आहे: "नियमाने कशाला? वर्णन करा ना. हॅल्बर्डच्या आकड्याने घोडेस्वाराला खाली ओढले असे म्हणा, कुणी अडवले आहे?" कुणीही अडवलेले नाही आणि या खेळाचा निम्मा आनंद अशा वर्णनांतच आहे. परंतु ज्या वर्णनाने काहीच बदलत नाही ते टिकत नाही. पहिल्या बैठकीत सगळे हिरिरीने वर्णन करतात, तिसऱ्या बैठकीपासून "वार करतो, सतरा, लागला का?" एवढेच उरते. हे मी गेली कित्येक वर्षे पाहतो आहे. खेळाडू आळशी असतात म्हणून असे होत नाही. ज्या शब्दाला परिणाम नाही तो शब्द माणसे गाळतात, इतकेच. संपादकही हेच करतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अटी वाढवल्या की पुन्हा १९७८ चे जाळे येणार, दर वाराला कोष्टक उघडावे लागणार. याला उत्तर म्हणून मी त्याच वर्षीचा दुसरा एक खेळ पुढे करीन. 'रूनक्वेस्ट' १९७८ सालीच आला. त्याच्या कर्त्यांतले स्टीव्ह पेरिन हे अमेरिकेतल्या 'सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनाक्रोनिझम' या संस्थेच्या आरंभीच्या मंडळींपैकी. वेताच्या तलवारी घेऊन प्रत्यक्ष झुंजणारी ही माणसे. फरक पानापानांतून जाणवतो. तिथे प्रत्येक शस्त्राचे कौशल्य वेगळे शिकावे लागते. लांब शस्त्रवाला आधी वार करतो. आणि टोकदार शस्त्र नीट घुसले तर ते अंगातच रुतून बसते. बाहेर काढावे लागते. रुतलेला भाला! शत्रू मरणाच्या दारात आहे आणि तुम्ही निःशस्त्र आहात. एका नियमात विजय आणि संकट दोन्ही. कोष्टक मोठे असल्याने हे घडत नाही. ज्याच्या हाताला कधी ओझे लागले आहे त्याला कोणती अट महत्त्वाची ते कळते म्हणून घडते.

संगणकावरच्या खेळांनी हा धडा आमच्यापेक्षा बरा गिरवला. २०११ च्या 'डार्क सोल्स' मध्ये अरुंद बोळात मोठी तलवार आडवी फिरवली तर ती भिंतीवर आपटून परतते आणि तुम्ही क्षणभर उघडे पडता. भालेकरी मात्र ढाल वर धरूनच भोसकू शकतो. २००४ पासून चाललेल्या 'मॉन्स्टर हंटर' मालिकेतले उदाहरण मला त्याहून आवडते. शस्त्र उपसलेले असताना एरवी औषध पिता येत नाही. ते आधी म्यान करावे लागते, आणि समोर राक्षस असताना म्यान करण्याचे ते दोन क्षण फार लांब असतात. ढाल-तलवारवाल्याला मात्र शस्त्र हातात ठेवूनच पिता येते. त्याचा वार इतरांच्या मानाने हलका आहे, पण त्याचे सारे वागणेच वेगळे होते. फाशाचा आकार बदलून हा माणूस कधीही निर्माण करता आला नसता. याउलट त्याच २०११ सालच्या 'स्कायरिम'कडे पाहा: तलवार जास्त नेमकी, कुऱ्हाडीने रक्तस्राव, गदेने चिलखत निष्प्रभ. तिन्ही गुण कौशल्याच्या झाडावर विकत घ्यायचे आणि तिन्हींचा वार एकाच पद्धतीने करायचा. दृश्य कितीही देखणे असले तरी हाताला तिथे एकच काठी लागते.

मराठी वाचकाला खरे तर हे सगळे समजावून सांगण्याची गरज पडू नये. कोल्हापूरकडचे मर्दानी खेळ ज्याने एकदा पाहिले आहेत त्याला दांडपट्टा आठवून पाहावा. मनगट आणि पुढचा हात लोखंडी मुठीच्या आत जातो, मनगट मुडपता येत नाही, म्हणून वार खांद्यातून आणि कमरेतून येतो, म्हणून पट्टेवाला गिरकी घेतो, म्हणून त्याच्याभोवती मोकळे रिंगण लागते आणि त्याचे सोबतीही त्याच्यापासून दूर राहतात. एका अटीमागून दुसरी अट, आणि शेवटी एक आख्खी शैली. किंवा वाघनख घ्या. या खेळाच्या भाषेत त्याला चार पैलूंचा फासा मिळाला असता आणि कोष्टकाच्या तळाशी जागा. १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी जे घडले त्यातले वाघनख मात्र मुठीत लपते आणि मिठी मारण्याइतके जवळ जावे लागते, या दोन अटींवर उभे आहे. त्या काढा, आणि त्या भेटीची गोष्टच सांगता येणार नाही. (तिसऱ्या आवृत्तीत आपली कट्यार 'मुठीने मारायचा खंजीर' अशा नावाने आणि नेपाळची खुकरी तिच्याच नावाने येते. दोघींनाही मिळाले ते फक्त लॉटरीचे निराळे तिकीट. असो.)

शेवटी आमच्या टेबलावर मी काय केले ते सांगतो, कारण नुसती टीका करून उठणे बरे नव्हे. चार ओळी लिहून भिंतीला चिकटवल्या. भाला आणि लांब दांड्याची शस्त्रे दहा फुटांवर पोचतील, पण शत्रू अंगाला भिडला की दोन फासे टाकून कमी येईल तो धरायचा. अरुंद जागेत फिरवायच्या शस्त्रांना तीच शिक्षा, भोसकायच्या शस्त्रांना नाही. कुस्ती जुंपली की फक्त खंजीर आणि तत्सम आखूड शस्त्रे चालतील. शस्त्र बदलणे एका खेळीत एकदाच; खाली टाकणे केव्हाही, फुकट.

कुरकूर झाली. दोन हातांची तलवारवाला आमचा जुना गडी म्हणाला की त्याच्या पात्राला उगाच शिक्षा होते आहे, आणि त्याचे सर्वस्वी चूक आहे असे मी म्हणणार नाही. भुयारांच्या मोहिमेत त्याला खरोखर त्रास झाला. पुढच्या वेळी मी त्याला एक उघडे मैदान आणि चाळीस शत्रू दिले तेव्हा तो गप्प झाला, पण भुयाराचा राग त्याने अजून सोडलेला नाही.

ती मुलगी हॅल्बर्डच घेऊन खेळत होती. तिसऱ्या शनिवारी एका पडक्या विहिरीच्या पायऱ्यांवर एक पिशाच तिच्या अगदी अंगावर आले. मागे भिंत, वर कमान, खाली पाणी. तिने बराच वेळ भिंतीवरच्या चार ओळींकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाली, "मी हॅल्बर्ड पाण्यात टाकते. सुरी काढते." इतक्या वर्षांत आमच्या टेबलावर कुणी आपले शस्त्र स्वतःहून टाकलेले मला आठवत नाही. पिशाच मेले. पुढचा अर्धा तास सगळे जण विहिरीत उतरून हॅल्बर्ड शोधत होते.